माळ्यावरच्या मिनी डीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या?

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना आईने माळ्यावरून एक काळी बॅग खाली काढली. आत काकांनी २००३ मध्ये दुबईहून आणलेला कॅमकॉर्डर होता आणि काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या अकरा कॅसेट. एका कॅसेटवर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'मे २००४, गावचं घर, अण्णा'. अण्णा म्हणजे माझे आजोबा. ते २००८ मध्ये गेले. त्यांचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नाही. असलाच तर याच कॅसेटमध्ये.

मी रोज कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला वाटलं तासाभराचं काम आहे. लागले तीन वीकेंड. तुमच्या घरी अशी बॅग असेल तर तुमचे दोन वीकेंड तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्याला सवय आहे फाईल कॉपी करायची. कॅसेटवर फाईल नावाचा प्रकारच नसतो. पाव इंच रुंद फितीवर डिजिटल डेटा ओळीने लिहिलेला असतो आणि तो वाचायचा एकच मार्ग : कॅमेऱ्यात कॅसेट घालून ती प्ले करायची. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेणार. कॅमेरा डेटा सोडत राहतो, कॉम्प्युटर तो झेलत राहतो. एखादी फ्रेम झेलता आली नाही तर कॅमेरा ती पुन्हा पाठवत नाही. याला 'कॅप्चर' म्हणतात, 'कॉपी' नाही.

पहिला वीकेंड माझा यूएसबीने खाल्ला. कॅमेऱ्याला यूएसबी पोर्ट होता, केबल बॅगेतच होती, मी खूश. लावल्यावर दिसलं काय, तर मेमरी कार्डवरचे सात धूसर फोटो! त्या काळच्या बहुतेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांत यूएसबी फक्त फोटोंसाठी किंवा वेबकॅमसारख्या हलक्या चित्रासाठी असतो. खरा व्हिडिओ बाहेर येतो तो शेजारच्या चिमुकल्या चार पिनांच्या पोर्टमधून. त्यावर 'डीव्ही' किंवा सोनीचा कॅमेरा असेल तर 'आय.लिंक' असं लिहिलेलं असतं. दोन्ही एकच. स्टँडर्डचं नाव आयईईई १३९४, ॲपलने दिलेलं नाव फायरवायर.

इथे मोठा सापळा आहे. ऑनलाइन शोधलंत तर 'फायरवायर ते यूएसबी' अशी एका टोकाला चार पिना आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली स्वस्त केबल दिसेल. घेऊ नका. मी घेतली. फायरवायर आणि यूएसबी या दोन वेगळ्या भाषा आहेत, नुसत्या तारा जोडून भाषांतर होत नाही. ती केबल आता आमच्याकडे टोमॅटोचा वेल बांधायला वापरलीय.

मग लागतं काय? डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारं फायरवायर कार्ड आणि चार पिन ते सहा पिन केबल. लॅपटॉप असेल तर एखाद्या नातेवाइकाचा २००८-१० च्या आसपासचा जुना लॅपटॉप शोधा. त्यातल्या बऱ्याच मॉडेलना चार पिनांचा पोर्ट असायचा. केबल लावताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. सहा पिनांच्या बाजूने वीजही येते. प्लग उलटा दाबून बसवला तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळू शकतो, आणि असा कॅमेरा आता दुरुस्त करून देणारा माणूस शोधणं अवघड.

कार्ड बसवलं तरी विंडोज १० ला कॅमेरा दिसेना. कारण मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ पासून फायरवायरचा जुना ड्रायव्हर सोबत देणं थांबवलं. तो त्यांच्या सपोर्ट पानावरून वेगळा उतरवून टाकायचा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन १३९४ कंट्रोलरसाठी ड्रायव्हर हाताने निवडायचा. यादीत ज्याच्या नावापुढे 'लेगसी' लिहिलंय तो. हे केलं आणि कॅमेरा चालू केला, तर कॉम्प्युटरने लगेच ओळखला. लिनक्सवाल्यांना हा त्रास नाही, तिथे डीव्हीग्रॅब नावाचा छोटा प्रोग्रॅम काम करतो. मॅकवाल्यांनी जपून : मॅकओएस २६ मधून ॲपलने फायरवायर सपोर्टच काढलाय. जुना मॅक घरात असेल तर त्याला अपडेट करू नका, हेच काम आधी उरका.

कॅप्चरसाठी मी विनडीव्ही वापरलं. फुकट आहे, दिसायला अगदी जुनाट आहे आणि नेमकं जे करायचं तेवढंच करतं. कॅसेटवर प्रत्येक शॉटची तारीख-वेळ डेटामध्ये लिहिलेली असते. ती वाचून विनडीव्ही प्रत्येक शॉटची वेगळी फाईल करतं आणि तारीख नावातच घालतं. किती फ्रेम सुटल्या तेही खाली दाखवतं. तो आकडा शून्य हवा. एका तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. आजच्या एसएसडीला हे काहीच नाही, पण अकरा कॅसेट म्हणजे जवळपास १४५ जीबी, तेवढी जागा आधी करून ठेवा.

कॅसेट घालण्याआधी तिच्या कडेची छोटी सरकपट्टी 'सेव्ह'कडे करा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वर काही लिहिलं जाणार नाही. खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. कोकणातल्या घरांत हे हमखास आढळतं. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही बिघडतात. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत चिकटलेली असते, ती मोकळी होते. आणि सुरुवात सगळ्यात बिनमहत्त्वाच्या कॅसेटने करा. आम्ही शेजारच्यांच्या वास्तुशांतीने केली.

अण्णांची कॅसेट लावली ती तिसऱ्या वीकेंडला. आई-बाबा मागे खुर्च्या टाकून बसलेले. अंगण दिसलं, कडीपत्त्याचं झाड दिसलं, अण्णा बाजेवर बसलेले दिसले आणि चित्राचे चौकोनी तुकडे झाले. आवाज तुटला. बाबा उठून आत गेले.

असे चौकोनी तुकडे दिसले की घाबरायचं नाही. पुष्कळदा फीत ठीक असते, हेडवर घाण बसलेली असते. क्लीनिंग कॅसेट मिळते, ती दहा सेकंद फिरवायची, जास्त नाही, कारण ती हेड घासतेच. मी ती फिरवली, कॅसेट पुन्हा मागे नेली आणि प्ले केली. दुसऱ्या खेपेला चार ठिकाणी तुटलं, तिसऱ्या खेपेला दोन. गंमत म्हणजे प्रत्येक खेपेला तुटायच्या जागा थोड्या वेगळ्या होत्या. म्हणून तीनही कॅप्चर ठेवले आणि एडिटिंगमध्ये एकातला खराब भाग दुसऱ्यातल्या चांगल्या भागाने भरला. एक अर्ध्या सेकंदाचा तुकडा मात्र तिन्हींत गेलेला आहे.

आता एडिटिंग. मी शॉटकट वापरतो, केडनलाइव्हही चालेल. दोन्ही फुकट. फोनवरचे एडिटर या फाईल सहसा उघडत नाहीत. दोन गोष्टी नीट लावल्या नाहीत तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. पहिली, इंटरलेसिंग. जुन्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांची असते, सम ओळी आणि विषम ओळी, आणि त्या १/५० सेकंदाच्या फरकाने टिपलेल्या. मोबाइलवर त्या एकत्र दिसतात, म्हणून हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात फुटतात. डीइंटरलेस करा, फील्ड ऑर्डर 'बॉटम फर्स्ट' निवडा आणि एक्स्पोर्ट ५० फ्रेमने करा. २५ ने केलंत तर निम्मी हालचाल फेकून दिल्यासारखं आहे. दुसरी, आकार. फाईल ७२० बाय ५७६ ची असते, पण दाखवायची ४:३ मध्ये. सॉफ्टवेअरने पिक्सेल चौकोनी धरले तर सगळे नातेवाईक थोडे बारीक दिसतात. आमच्या आत्याला तेच व्हर्जन आवडलं, पण ते चूक आहे.

मूळ डीव्ही फाईल अजिबात डिलीट करू नका. आम्ही पूर्वी एका कॅसेटची डीव्हीडी एका स्टुडिओकडून करून घेतली होती. तीत लग्नातले चेहरे मेणाचे दिसतात. मूळ फाईलमध्ये त्याच चेहऱ्यांवरच्या अक्षताही मोजता येतात. एक प्रत घरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी.

कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबून लहान केलं जातं. मी अण्णांची चार मिनिटं तशीच पाठवली. त्यात ते विशेष काही बोलत नाहीत. बाबांना कॅमेरा बंद करायला सांगतात, 'सेल संपतील रे' म्हणतात, आणि मग कुणाला तरी चहा टाकायला हाक मारतात. बाबांनी तो व्हिडिओ अजून पूर्ण पाहिलेला नाही. फोनमध्ये सेव्ह मात्र केलाय.