गवतयंत्राची दीर्घ निद्रा

वैशाखाच्या या उकाड्यात मी यंत्राच्या हिवाळ्याविषयी बोलणार, हे ऐकून काहींना हसू येईल. युरोप-अमेरिकेच्या थंड मुलुखात हा विषय सरळ आहे. शरदाच्या अखेरीस गवताची वाढ थांबते, पुढे बर्फ पडते आणि गवत कापण्याचे यंत्र वसंतापर्यंत कोठीत जाते. आपल्याकडचे गवत पावसाचे सोबती. ते दिवाळीनंतर पिवळे पडते आणि यंत्र जिन्याखाली जाते ते मृग लागेपर्यंत. म्हणजे आपल्या यंत्राचा हिवाळा वैशाखातही संपलेला नसतो. तो तिकडच्याहून आखूडही नाही.

आमच्या सोसायटीत एका जूनमध्ये काय झाले ते सांगतो. माळीकाका दोरी ओढून ओढून घामाघूम झाले. यंत्र चालू होईना. रोजावरचा माणूस, दोन दिवस फुकट गेले, वर 'यांनीच बिघडवले' हा ठपका. शेवटी मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडला. वाटीच्या तळाशी पिवळसर राळ आणि कडेला पांढरी भुकटी! दिवाळीत अर्धी टाकी पेट्रोल तसेच ठेवून कुलूप लावणारे आम्हीच होतो.

ही राळ येते कोठून? पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. अनेक द्रवांचे ते मिश्रण आहे. त्यातले हलके, चटकन पेट घेणारे भाग आधी उडून जातात. मागे राहिलेल्या भागाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन चिकटा बनतो. कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे छिद्र सुईच्या टोकाएवढे बारीक; ते बुजावयास कितीसा चिकटा लागणार?

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ साली आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. त्यातले काही आपल्याच साखर कारखान्यांतून, उसापासून येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती आनंदाची गोष्ट आहे, आणि रोज धावणाऱ्या मोटारीची टाकी साठून राहत नाही. साठून राहते ती गवतयंत्राची. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. टाकीचे झाकण श्वास घेत असते. दिवसा आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री गारव्याने बाहेरची दमट हवा आत येते. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी बसते, आणि इंजिन पेट्रोल ओढते ते नेमके तळातूनच! वाटीतली पांढरी भुकटी म्हणजे या पाण्याने गंजलेला धातू. कोकणात तर हे अधिकच सांभाळावे लागते.

तेव्हा दिवाळीनंतरच्या शेवटच्या कापणीस टाकी रिकामी करा आणि उरलेल्या थेंबांवर यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. काढलेले ताजे पेट्रोल स्कूटरमध्ये घालता येते. टू-स्ट्रोक यंत्राचे तेलमिश्रित पेट्रोल मात्र फोर-स्ट्रोक गाडीत घालू नये. फोर-स्ट्रोक यंत्राचे तेल, इंजिन कोमट असतानाच बदला. 'जूनमध्ये बदलू की' म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु जुन्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले व पाणी असते. ते सहा महिने धातूला खात बसते. काढलेले तेल गटारात ओतू नका, एवढी विनंती.

यानंतर प्लगची तार काढा. पात्याला हात लावण्यापूर्वी ही तार काढलीच पाहिजे. पाते हाताने फिरवताना इंजिनही फिरते, आणि एखादी ठिणगी पडली तर बोटे जातात. पात्याभोवतीचे ओले गवत खरवडताना हवेच्या गाळणीची बाजू वर ठेवून यंत्र कलते करावे, नाहीतर तेल गाळणीत उतरते. मग प्लग काढून त्या भोकात चमचाभर तेल घाला, दोरी दोनतीनदा हळूच ओढा आणि प्लग परत बसवा. पुन्हा दोरी ओढताना जोर लागू लागला की थांबा. त्या जागी दोन्ही झडपा मिटलेल्या असतात व दमट हवा आत शिरत नाही. उंदीर गाळणीत घर करतात, म्हणून अधूनमधून डोकवावे.

पेट्रोलचा डबा घरात, विशेषतः देवघराच्या किंवा शेगडीच्या आसपास, कधीही ठेवू नये. शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते, आणि हवेहून जड असल्याने ती जमिनीलगत सरपटत दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते.

ज्यांचे यंत्र दिवाळीपासून तसेच पडून आहे, त्यांनी पाऊस येण्यापूर्वी जुने पेट्रोल काढून कार्ब्युरेटरची वाटी साफ करून घ्यावी, तेल पाहावे, नवे पेट्रोल घालावे आणि मगच माळीकाकांच्या हाती दोरी द्यावी.