फाल्गुनातली परसबाग : समज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालं की लिंबागणेश लागतं. भालचंद्र गणपतीचं हे गाव बालाघाटाच्या डोंगरात वसलेलं आहे. जमीन हलकी, मुरमाड. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. या भागातली कितीतरी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की पाडव्याच्या मागेपुढे परततात. तोवर परसातले चार वाफे, शेवगा, पपई आणि पाच-सात कोंबड्या म्हातारी माणसं न्हाणीच्या पाण्यावर राखतात. उन्हाळ्यात बाजारची भाजी परवडत नाही तेव्हा कालवणाला हाच परस पुरतो. म्हणून फाल्गुन-चैत्रातल्या लहरी हवेबद्दल जे चुकीचं सांगितलं जातं, त्याची झळ थेट ताटाला लागते.

सगळ्यात मुरलेला समज लागवडीच्या वेळेचा. 'होळी जळाली, थंडी पळाली' असं म्हणायचं आणि भेंडी, गवार, दोडका पाडव्याचा मुहूर्त धरून टोचायचा. पण पाडवा चांद्र तिथीवर येतो आणि ऊन सूर्याप्रमाणे चढतं. २०२३ साली पाडवा २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला. मध्ये १८ दिवसांचं अंतर. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात इथलं दुपारचं तापमान पस्तिशीच्या आसपास असतं, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते चाळिशीला टेकतं. नुकत्याच उगवलेल्या कोंबाला एवढा फरक सोसत नाही. खरिपाला आपण मृग नक्षत्र बघतो ते सूर्याचं, म्हणून ते दरवर्षी ७-८ जूनलाच निघतं. परसबागेलाही तसाच सौर हिशेब हवा. सकाळी बोटभर खोल मातीत हात घालावा. ती गार लागेनाशी झाली की भेंडी-गवार टोचावी. आपल्याकडे ही वेळ बहुधा फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यातच येते. तेव्हा लावलेल्या भेंडीची मुळं कडक उन्हाच्या आधी खाली गेलेली असतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला तोडाही सुरू होतो.

दुसरा समज अवकाळीच्या पाण्याचा. 'चांगली सर आली, आता आठवडाभर पाणी नको.' हिशेब करून बघू. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे हजार लिटर पाणी. ऐकायला भरपूर वाटतं. पण तापलेल्या, कडक झालेल्या मातीत ते दोन-तीन बोटांच्या खाली क्वचितच उतरतं, आणि या दिवसांत मोकळ्या पाण्याची वाफ दिवसाला आठ-दहा मिलिमीटरपर्यंत होते. वरची माती ओली दिसते आणि मुळं कोरडी राहतात. खुरप्यानं वीतभर उकरून बघितल्याशिवाय पाणी बंद करू नये. फाल्गुनात कडुलिंबाची पानं गळतात. ती पेटवून न देता आळ्यात पसरली, तर हीच सर चार दिवस जास्त टिकते. वाळवी लागेल ही भीती असेल तर पाला बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावा. वाळवी मुख्यतः वाळलेलं लाकूड आणि पाचोळा खाते, ओलं आणि जोमदार रोप तिला तितकंसं आवडत नाही.

गारपिटीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. 'थंडी फिरून आली म्हणून गारा पडल्या' असं सर्रास म्हणतात. गारेला खालून ऊनच लागतं. तापलेल्या जमिनीवरची हवा वेगानं वर उसळते. साधारण चार-साडेचार किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असतं. तिथं शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणावर आदळून थिजत जातात, आणि वर उसळणारा झोत गारेला पेलेनासा झाला की ती सुटते. कोरडे पश्चिमी वारे आणि समुद्रावरून आलेली ओलसर हवा मराठवाड्यावर भिडली की हा खेळ दुपारनंतर सुरू होतो. भर पावसाळ्यात गारा जवळजवळ पडत नाहीत, कारण तेव्हा गोठणरेषा आणखी वर असते, झोतही तितका जोरकस नसतो आणि बारीक गार खाली येईतो वितळते.

पण पावसाळा सोडला तर गारपिटीला ठरावीक महिना नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला गारांनी झोडपलं. २०१८ साली तर ११ फेब्रुवारीलाच बीड-जालन्यात गारा पडल्या, महाशिवरात्रीच्याही आधी.

आणि गार पडून गेल्यावर जे केलं जातं, त्यानं कधीकधी गारेपेक्षा जास्त नुकसान होतं. झोडपलेली वांगी-मिरची उपटून टाकतात, नाहीतर 'ताकद यावी' म्हणून लगेच युरिया टाकतात. गार पिकाला गोठवून मारत नाही, मारानं जखमी करते. रोप जवळून बघावं. ज्या बाजूनं वारा होता त्या बाजूच्या खोडावर साल सोललेले पांढुरके चट्टे दिसतात, दुसरी बाजू धड असते. दोन-तीन दिवसांत ते चट्टे काळपट पडू लागले तर तिथं बुरशी शिरली असं समजावं. म्हणून पहिलं काम साचलेलं पाणी काढून द्यायचं. मग मोडलेल्या फांद्या धारदार कात्रीनं छाटाव्यात, कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखं ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारावं आणि झाडांच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावावी. नवी फूट दिसल्यावरच थोडं खत द्यावं, कारण नत्रानं आलेला लुसलुशीत पाला रोगाला आयताच सापडतो. बुंधा शाबूत असेल तर वांगं आणि मिरची दोन-तीन आठवड्यांत पुन्हा फुटतात. शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं, त्याची फांदी सहज मोडते. पण छाटून घेतला तर तो हटकून फुटतो.

'हवामान खात्याचं कधी खरं होतं का?' हा प्रश्न रागानं विचारला जातो आणि राग समजण्यासारखा आहे. मात्र वादळी ढगाचा पसारा काही किलोमीटरचाच असतो. इशारा जिल्ह्याला मिळतो, पाऊस जवळच्या नेकनूरला पडतो आणि लिंबागणेश कोरडं राहतं. त्यात अंदाज फसला असं होत नाही. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो वाचून काढणीला आलेला माल आधी उतरवता येतो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर असू द्यावं. आणि गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नये, मग ते कितीही डेरेदार असो.

'दुपारी पाणी घातलं की थेंब भिंगासारखे तापतात आणि पानं भाजतात,' हेही शहाणीसुरती माणसं सांगतात. बुडापेस्टच्या विद्यापीठात गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं आणि २०१० साली निष्कर्ष छापले. गुळगुळीत पानावरचा थेंब भाजत नाही. ज्या पानावर लव असते आणि थेंब त्या लवेवर तरंगत राहतो, तिथं मात्र थोडा धोका असतो. दुपारी पाणी टाळायचं ते वाफ होऊन वाया जातं म्हणून. तसंच भोपळ्याचं पान दुपारी मान टाकतं म्हणजे ते तहानलेलंच असतं असं नाही. संध्याकाळी ते सावरलं तर पाण्याची गरज नाही, सकाळीही मलूल दिसलं तर आहे.

ढग आले की 'आंब्याचा मोहोर करपला' म्हणतात. ढग करपवत नाहीत. ढगाळ, दमट हवेत भुरी आणि तुडतुडे वाढतात. पानावर चिकट चकाकी दिसली, बोट लावल्यावर ओढल्यासारखं झालं, तर तो तुडतुड्यांनी टाकलेला चिकटा आहे. पुढे त्यावर काळी बुरशी धरते. भुरीवर गंधक चालतं, पण ते सकाळी फवारावं, पस्तिशीच्या पुढच्या उन्हात त्यानंच पानं भाजतात. टोमॅटोची फुलगळही खतानं थांबत नाही. दिवसा तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं आणि रात्रही गरम राहिली की त्याचं फळ धरत नाही. त्याला सावलीच द्यावी लागते.

कोंबड्यांची मानमोडी ऊन लागून येत नाही. तो राणीखेतचा विषाणू आहे. त्याला औषध नाही, लस आहे, आणि ती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेत टोचून घ्यावी.

शेवटचा समज सीताफळाचा, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं असल्यानं तो इथं सांगायलाच हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड निष्पर्ण होतं आणि परगावाहून परतलेलं माणूस ते वाळलं समजून सरपणाला तोडतं. नखानं फांदीची साल थोडी खरवडावी. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, ते फक्त विसावलेलं आहे. एप्रिल-मेमध्ये पालवी आणि फुलं येतात. त्यातली बरीच फुलं गळतात, कारण कोरड्या उन्हात फुलाचा स्त्रीकेसर लवकर सुकतो. तेव्हाही झाडाला दोष देऊ नये. हवेत ओल आली की फळं धरू लागतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ती पाटीत येतात.