संकेतस्थळाचा सातबारा कोणी पाहावा?

महागाव तालुक्यातल्या एखाद्या गटाचा मालक कोण, हे जाणून घ्यायला आता तलाठ्याच्या मागे फिरावे लागत नाही. महाभूलेखवर अमरावती विभाग, यवतमाळ जिल्हा, महागाव तालुका असे निवडत गेले आणि गावाचे नाव व गट क्रमांक भरला की सातबारा समोर येतो. खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकार, इतर हक्कांत सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असे सगळे त्यात दिसते. गट क्रमांक माहीत नसेल तर नावावरूनही शोध घेता येतो. त्याच तालुक्यातल्या कोणी उद्या हळद विकण्यासाठी, शिकवणीवर्गासाठी किंवा गावाकडच्या बातम्या देण्यासाठी इंटरनेटवर स्वतःचे डोमेन घेतले, तर त्याचीही कुठेतरी नोंद होते. मालकाचे नाव, पत्ता, फोन, ईमेल त्या नोंदीतही असतात. मग तीही सातबाऱ्यासारखी सर्वांना उघडी असावी का? ‘जमिनीची नोंद उघडी, तर संकेतस्थळाची का झाकायची?’ हा सवाल वरवर बिनतोड वाटतो. पण दोन्ही नोंदी कशासाठी ठेवल्या जातात हे पाहिले की त्याचे उत्तर वेगळे निघते. माणसाच्या नावावरच्या डोमेनची नोंद खरी आणि पूर्ण असली पाहिजे, पण ती जगाला उघडी असण्याची गरज नाही. जगाला हवी असते ती त्या माणसापर्यंत पोचण्याची वाट, आणि कायद्याने मागितल्यावर ठरलेल्या मुदतीत मिळणारे उत्तर.

सातबारा उघडा का, ते आधी पाहू. जमीन विकत घेणाऱ्याला, कर्ज देणाऱ्याला, वाटणी मागणाऱ्या भावाबहिणींना हक्काची खात्री करून घ्यायची असते. फेरफार धरला की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार ही नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे उघडेपणाच्या मागे तपासणीची एक अख्खी यंत्रणा उभी आहे. आणि इतके असूनही सातबाऱ्यावर खातेदाराचा मोबाईल क्रमांक नसतो. उलट विनास्वाक्षरीत सातबारा पाहायला येणाऱ्यालाच आपला मोबाईल क्रमांक भरावा लागतो. डोमेनच्या नोंदीत काही वर्षांपूर्वीपर्यंत बरोबर याच्या उलट चालत असे. मालकाने स्वतः भरलेली माहिती कोणी नीट तपासत नसे, ती सगळी जगापुढे मांडली जाई, आणि पाहणारा मात्र पूर्ण अनोळखी राही.

याचे कारण इतिहासात आहे. ‘हूइज’ या नावाने ओळखली जाणारी ही विचारणा-पद्धत १९८२ मध्ये आर्पानेट या इंटरनेटपूर्व जाळ्यासाठी लिहून काढली गेली. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनल (पूर्वीचे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट) मधले नेटवर्क माहिती केंद्र ती चालवत असे आणि एलिझाबेथ फाइनलर त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. जाळ्यावरच्या वापरकर्त्यांनी आपले नाव, टपालाचा पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल नोंदवावा अशी अपेक्षा होती. वापरकर्ते म्हणजे विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी कार्यालयांतली माणसे. एखादे यंत्र बिघडले, चुकीचे संदेश पाठवू लागले, तर त्याची देखभाल करणाऱ्याला फोन करता यावा एवढाच त्यामागचा हेतू. पत्ता संस्थेचा, फोन कार्यालयाचा. त्यात कोणाचे घर उघडे पडत नव्हते. नव्वदच्या दशकात डोमेन बाजारात आले, १९९८ मध्ये इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था स्थापन झाली, आणि संशोधकांच्या वहीतले तेच रकाने करारांमधून जगभरच्या सामान्य ग्राहकांवर लादले गेले. भारतात ‘डॉट इन’ हे नाव १९८९ मध्ये मिळाले. सुरुवातीची अनेक वर्षे त्याची नोंदणी मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतून होई आणि नियम कडक होते. २००५ पासून निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या संस्थेच्या देखरेखीखाली ‘डॉट इन’ कोणालाही घेता येऊ लागले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरी ‘डॉट भारत’ आले आणि मराठीतच नाव नोंदवण्याची सोय झाली. डोमेन नोंदवून देणाऱ्या रजिस्ट्रारचा अर्ज भरणारा माणूस आता प्रयोगशाळेतला राहिला नव्हता. तो दुकानदार होता, शिक्षक होता, बचतगटातली बाई होती, आणि पत्त्याच्या रकान्यात ते आपल्या घराचाच पत्ता लिहीत होते.

उघड्या नोंदीचा त्रास काय होता, हे त्या काळात डोमेन घेतलेल्या कोणालाही सांगता येईल. नोंदणी झाली की वेबसाइट बनवून देतो म्हणणारे, कर्ज देऊ म्हणणारे, ‘तुमचे डोमेन संपत आहे, ताबडतोब पैसे भरा’ अशी खोटी भीती घालणारे फोन आणि ईमेल सुरू होत. आयकॅनच्याच सुरक्षाविषयक सल्लागार समितीने २००७ मध्ये प्रयोग करून दाखवले, की हूइजमध्ये उघडे असलेले ईमेल पत्ते स्पॅमवाल्यांच्या हाती लागतात. पण स्पॅम हा त्रासाचा लहान भाग आहे. मोठा भाग गावाच्या आकाराशी जोडलेला आहे आणि तो महानगरात बसून धोरण ठरवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मुंबईतल्या टॉवरचा पत्ता हजारो बिऱ्हाडांत हरवतो, शिवाय दारावर रखवालदार असतो. फुलसावंगी किंवा गुंजसारख्या गावी नाव आणि ‘मुक्काम पोस्ट, ता. महागाव, जि. यवतमाळ’ एवढे कळले की तो माणूस थेट ओट्यावर सापडतो. नदीपात्रातल्या वाळूउपशावर, रेशनच्या धान्यावर, रोजगार हमीच्या मस्टरवर लिहिणाऱ्या स्थानिक बातमीदाराची कल्पना करा. त्याच्या संकेतस्थळाची नोंद उघडी असेल तर त्याच्या लेकराबाळांचा पत्ताही उघडा असतो. पत्रकारांवरचे हल्ले ही कल्पित भीती नाही. त्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा संमत करावा लागला. नवऱ्यापासून वेगळी होऊन घरगुती मसाल्यांचा व्यवसाय उभा करणाऱ्या स्त्रीचा धोकाही याच जातीचा आहे.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की नोंद झाकली तर फसवणारे मोकाट सुटतात. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा आक्षेप हलक्याने घेता येत नाही. पीएम-कुसुम योजनेच्या सौरपंपांसाठी नोंदणी करून देतो असे सांगून शेतकऱ्यांकडून पैसे उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला पुन्हापुन्हा सावधानतेच्या सूचना काढाव्या लागल्या. त्यांत उल्लेखलेल्या खोट्या नावांची शेपटे ‘डॉट ओआरजी’, ‘डॉट इन’, ‘डॉट कॉम’ अशी सगळ्या प्रकारची होती. आता विचार असा करायचा, की नोंद उघडी असती तर त्या शेतकऱ्याला तिथे काय सापडले असते? फसवणारा आपले खरे नाव भरत नाही. अमेरिकेच्या जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २००५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार सुमारे २३ लाख डोमेनांच्या नोंदीत उघडउघड खोटी माहिती होती. त्यानंतर आयकॅनने शिकागोच्या नॉर्क या संशोधनसंस्थेकडून तपासणी करवून घेतली. कडक निकष लावले तेव्हा पूर्णपणे अचूक ठरलेल्या नोंदी २३ टक्क्यांच्या आसपास भरल्या. आणि या दोन्ही पाहण्या नोंदी सर्वांना उघड्या असतानाच्या काळातल्या आहेत. उघडेपणाने खोटे थांबले नाही. खरी माहिती भरणाऱ्याचे दार मात्र उघडे पडले.

शिवाय आजही सगळेच काही झाकलेले नाही. युरोपचा माहितीसंरक्षण कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला. त्याच्या आठवडाभर आधी आयकॅनने तात्पुरते नियम काढले आणि वैयक्तिक रकाने बंद झाले. जुन्या हूइजच्या जागी आता आरडॅप ही नवी पद्धत आली आहे. ‘डॉट कॉम’सारख्या जागतिक नावांसाठी २०२५ च्या जानेवारीअखेरपासून तीच अधिकृत आहे. तीत आजही कोणालाही दिसते की डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडून घेतले, कोणत्या तारखेला नोंदले, कधी संपणार, ते चालू आहे की निलंबित, आणि गैरवापराची तक्रार कुठे करायची. ‘डॉट इन’च्या नोंदीत याखेरीज संस्थेचे नाव, राज्य आणि देश दिसतो. ग्राहकाच्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नोंदणीची तारीख. ‘अनेक वर्षांपासून शासनमान्य’ असे मिरवणाऱ्या संकेतस्थळाचे डोमेन तीन आठवड्यांपूर्वी घेतलेले असेल, तर मालकाचे नाव कळायची वाट पाहण्याची गरजच उरत नाही. आणि सरकारी योजनेपुरते त्याहून सोपी कसोटी आहे: ‘डॉट गव्ह डॉट इन’ हे शेपूट सरकारी यंत्रणांनाच मिळते, ते खाजगी माणसाला विकत घेता येत नाही.

दुसरा आक्षेप न्यायालयांच्या वाटेने येतो. रेडिफ कंपनीने ‘रॅडिफ’ या मिळत्याजुळत्या नावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९९९ मध्ये न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले, तेव्हा समोरचा पक्ष ठाऊक होता. आज प्रतिवादी अनोळखी असतो, त्याच्याविरुद्ध ‘अशोक कुमार’ या कल्पित नावाने दावा लावावा लागतो, अशी कंपन्यांची तक्रार आहे. ती खोटी नाही. पण हिंदुस्थान युनिलिव्हरच्या नावाने फसवणाऱ्या डोमेनांचे प्रकरण २०२० मध्ये न्या. गौतम पटेल यांच्यापुढे आले तेव्हा जे स्पष्ट झाले ते इथे महत्त्वाचे आहे. रजिस्ट्रारला डोमेन निलंबित करता येते, मात्र इंटरनेटवरून कायमचे अडवणे त्याच्या हातात नसते. निलंबन हाच पहिला तातडीचा उपाय, आणि त्यासाठी मालकाचे नाव जगजाहीर असावे लागत नाही. माणूस शोधायचा तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस कागदपत्रे मागवू शकतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ गुन्ह्याच्या तपासाला आडवा येत नाही. कलम १७ मध्ये तशी सूट आहे. खरी अडचण आहे ती दिरंगाईची. आयकॅनने २०२३ च्या नोव्हेंबरात माहिती मागण्याची सामायिक सोय सुरू केली, पण तीत रजिस्ट्रारचा सहभाग ऐच्छिक ठेवला, आणि ‘डॉट इन’सारख्या देशांच्या नावांना ती लागूच नाही. इतक्या गंभीर कामात सहभाग ऐच्छिक ठेवणे ही चूक आहे. ‘डॉट इन’साठी निक्सीने कोण मागू शकतो, कोणत्या कारणाने, किती दिवसांत उत्तर मिळेल हे लेखी ठरवून जाहीर करावे, आणि किती मागण्या आल्या, किती मान्य झाल्या याचा हिशेब दरवर्षी छापावा.

आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र पूर्ण मान्य करायला हवे. खाजगीपणा माणसाला असतो. कंपनीला, पक्षाला, ट्रस्टला तो त्याच अर्थाने नसतो. युरोपचा कायदाही जिवंत व्यक्तींच्याच माहितीचे रक्षण करतो. तरीही व्यक्ती आणि संस्था यांत फरक करण्याचे कष्ट वाचवण्यासाठी कित्येक रजिस्ट्रारांनी सरसकट पडदा ओढला. ते गैर आहे. संस्थेच्या नावावरचे डोमेन नावानिशी दिसलेच पाहिजे. आणि जो ग्राहकाकडून पैसे घेतो त्याने आपली ओळख स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिलीच पाहिजे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० तसे बंधन घालतात: कायदेशीर नाव, कार्यालयाचा पत्ता, संपर्क, तक्रार निवारण अधिकारी. ही माहिती ग्राहकाला दुकानाच्या दर्शनी भागावर मिळायला हवी. त्यासाठी नोंदवहीत डोकावणारे असे किती असणार? नियमाची अंमलबजावणी दुबळी म्हणून बातमीदाराचे आणि गृहिणीचे घर उघडे टाकणे हा उपाय नव्हे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातली एक फट इथे दाखवणे भाग आहे. माणसाने स्वतः जाहीर केलेली, किंवा कायद्याने जाहीर करणे बंधनकारक असलेली माहिती कलम ३ नुसार या कायद्याच्या संरक्षणाबाहेर जाते. उद्या नियम करून डोमेनमालकांची नावे-पत्ते पुन्हा उघडे केले, तर ते गोळा करून विकणाऱ्याला हा कायदा अडवणार नाही. २०१८ पूर्वीच्या उघड्या नोंदी साठवून ठेवलेल्या खाजगी कंपन्या आजही त्या विकतात. एकदा सुटलेली माहिती परत येत नाही. म्हणून, निक्सी किंवा सरकार सरसकट उघडेपणाकडे पुन्हा वळणार असेल तर त्याला विरोध केला पाहिजे. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले. त्यात घातलेली प्रमाणबद्धतेची कसोटी या उघडेपणाला पार करता येणार नाही, कारण तोच हेतू कमी हानी करून साधता येतो.

धोरण ठरेल तेव्हा ठरेल, तोवर डोमेन घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. ‘डॉट इन’च्या अर्जात संस्थेच्या रकान्यात स्वतःचे नाव भरले तर ते सर्वांना दिसते, व्यक्ती म्हणून नोंदणी करत असाल तर तो रकाना रिकामा ठेवा. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. लहान गावांत डोमेन बहुधा वेबसाइट बनवून देणारा घेतो, आणि पुष्कळदा स्वतःच्याच नावावर. नोंद झाकलेली असल्यामुळे दुकानदाराला ते बाहेरून कळतही नाही, आणि भांडण झाले की पाटी त्याची असूनही नाव दुसऱ्याचे निघते. खाजगीपणासाठी दुसऱ्याचे नाव घालण्याची गरज नसते. तुमचे खरे नाव, खरा पत्ता रजिस्ट्रारकडे असू द्या, तो बाहेर दिसत नाही. आजच वेबसाइट बनवून देणाऱ्याकडून डोमेनच्या खात्याचा पासवर्ड मागून घ्या, आत जाऊन नोंदणीदाराच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते पाहा, आणि ते तुमचे नसेल तर मुदत संपण्यापूर्वी बदलून घ्या.