सबवूफर हूंऽऽ करतो? नवा घेण्याआधी हे करा

बंगळुरूच्या चामराजपेटेत 1939 पासून श्री रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव होतो. तिथे ऐकलेला मृदंगाच्या डाव्या बाजूचा भरदार नाद घरीही मिळावा म्हणून आपण स्वस्त सबवूफर आणतो. आणि तो नुसता ‘हूंऽऽ’ करतो!

आधी दोष शोधा. सबवूफर बंद करून सिग्नलची वायर काढा, मग चालू करा. आवाज थांबला तर दोष वायरचा किंवा अर्थिंगचा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, सबवूफर एकाच बोर्डावर लावून पाहा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. आवाज तसाच राहिला तर बिघाड आतला, बहुधा पॉवर सप्लायच्या कपॅसिटरचा. बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते. ते काम मेकॅनिकचेच. सुटे भाग एस. पी. रोडवर मिळतात.

गाणे लावल्यावर खोली घुमते? सबवूफर कोपऱ्यातून काढा. तो तुमच्या बसायच्या जागी ठेवून गाणे लावा आणि भिंतीच्या कडेने फिरा. जिथे ठोका स्वच्छ ऐकू येईल, तीच त्याची जागा. क्रॉसओव्हर 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा, फेजचे बटण दोन्हीकडे करून पाहा.

एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते, तेही फुकटात. रात्री आवाज तेवढा आवरा. भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात!