विश्लेषण : वेबसाइट दिसते, पण बुकिंगचे मेल बंद! ‘डीएनएस’ दुसरीकडे नेताना काय चुकते?

पावसाळा सुरू झाला की दाभोसा धबधबा, जव्हारचा जयविलास राजवाडा, मोखाड्यातील सूर्यमाळ या ठिकाणांकडे मुंबई-नाशिकच्या गाड्या वळतात. येथील होमस्टेचालकाने किंवा वारली चित्रे विकणाऱ्या बचत गटाने स्वतःची वेबसाइट काढली, की चौकशीही त्याच नावाच्या ईमेलवर येऊ लागते. मग कोणी तरी सुचवते, ‘डीएनएस बाहेरच्या मोफत सेवेवर टाका, साइट पळेल.’ सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धवट पाळला तर साइट दिसत राहते आणि मेल मात्र गुपचूप बंद होतात. ऐन हंगामात हे आठवडाभर कळलेच नाही, तर बुकिंग दुसऱ्याकडे जाते.

डीएनएस म्हणजे काय?

वेबसाइटचे नाव आपल्यासाठी असते. संगणकाला लागतो आकड्यांचा आयपी पत्ता. नावावरून पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. आपल्या भाषेत सांगायचे तर डोमेन म्हणजे सातबारा, होस्टिंग म्हणजे घर आणि डीएनएस म्हणजे फाट्यावरची पाटी. तिन्ही एकाच कंपनीकडे असावे लागते असे नाही. क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्या केवळ ‘पाटी’ सांभाळण्याची सेवा मोफतही देतात.

(मोबाइलच्या सेटिंगमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकतात, ती गोष्ट वेगळी. त्याने फक्त आपला फोन पत्ता कोणाला विचारतो ते बदलते. वेबसाइटचे काही बदलत नाही.)

मेल का बंद होतात?

डोमेनच्या खात्यात ‘नेमसर्व्हर’ बदलले, की होस्टिंग कंपनीकडची जुनी यादी निरुपयोगी होते. त्या यादीत केवळ वेबसाइटचा पत्ता नसतो. ‘ए’ नोंद साइटसाठी, ‘एमएक्स’ नोंद येणाऱ्या मेलसाठी, तर ‘टीएक्सटी’मधील एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी आपण पाठवलेला मेल खरा असल्याची खूण असतात. नवी सेवा जुन्या नोंदी आपोआप शोधते, पण सगळ्या सापडतीलच याची खात्री नाही. ‘एमएक्स’ राहून गेली तर पाहुण्याचा मेल पोहोचत नाही. एसपीएफ राहिले तर आपले उत्तर त्याच्या स्पॅममध्ये पडू शकते. म्हणून आधी जुन्या यादीचे स्क्रीनशॉट घ्यावेत, नव्या ठिकाणी एकेक नोंद ताडून पाहावी आणि मगच नेमसर्व्हर बदलावेत. जुन्या ठिकाणी डीएनएसएसईसी सुरू असेल तर ते आधी बंद करावे लागते, अन्यथा अनेकांना साइटच उघडणार नाही.

पुढचा घोळ काही महिन्यांनी होतो. होस्टिंग कंपनी साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवते, आयपी बदलतो. डीएनएस तिच्याकडे असता तर नोंद तिनेच बदलली असती. आता ते काम मालकाचे. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग नाही, कारण ती यादी आता कोणी वाचतच नाही. यात अनेकांचे तास वाया जातात.

साइट खरेच पळते का?

पत्ता शोधण्याचा वेळ थोडा वाचतो, एवढेच. धबधब्याचा दहा एमबीचा फोटो पाड्यावरच्या कमकुवत रेंजवर तितकाच रखडतो; त्याला फोटो लहान करणे हाच उपाय. बाहेरची सेवा कधी कोलमडतच नाही, असेही नाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डाइन’ या डीएनएस कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्सही अनेकांना उघडेना. तरीही होस्टिंग कंपनी वारंवार बदलावी लागत असेल, तर डीएनएस वेगळे ठेवणे सोयीचे ठरते.

बदल कधी करावा?

शनिवार-रविवारच्या तोंडावर नको, सोमवारी करावा. ‘डॉट कॉम’च्या नेमसर्व्हरची माहिती इतरांकडे दोन दिवसांपर्यंत साठवलेली राहू शकते. तोवर जुनी यादी पुसू नये, होस्टिंगही बंद करू नये. बदलानंतर दुसऱ्याच जीमेल खात्यावरून स्वतःला मेल पाठवून पाहावा, उत्तरही द्यावे. आणि सर्वांत आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासावे. ते साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर असेल आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जात असेल, तर डीएनएसच्या आधी ते खाते स्वतःच्या नावावर करून घ्यावे.