भाषा एक, घरे तीन

किहीमच्या माणसाला अलिबागची चुंबकीय वेधशाळा नवी नाही. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागणार, त्यांच्या प्रवाहाने सुया भरकटणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे हे काम अलिबागेस हलविण्यात आले. तेथील नोंदी १९०४ पासूनच्या आहेत. उपकरण उत्तम असले म्हणजे भागत नाही. त्याला भोवतालही मानवावा लागतो. संगणकाच्या भाषेचे अगदी असेच आहे.

समजा, आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी सी++ शिकते आहे. वहीतला प्रोग्रॅम तिने जसाच्या तसा उतरवला, आणि संगणकाने चुकांची यादीच पुढे टाकली. पोर म्हणते, "मला हे जमायचं नाही." थांबा. दोष बहुधा तिचा नसतो. बोर्लंड कंपनीचे टर्बो सी++ हे साधन १९९० साली आले, डॉसच्या जमान्यात. सी++चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले १९९८ साली. पुष्कळ जुन्या टिपणांत अजून त्या पहिल्या काळचीच बोली आहे.

आता मुळाशी जाऊ. आपण लिहितो तो मजकूर यंत्राला थेट कळत नाही. कंपायलर नावाचा दुभाषा तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. पण तयार झालेली फाइल कशी बांधलेली असावी, पडद्यावर अक्षर उमटविण्यासाठी कोणाकडे मागणी करावी, हे विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही घरी निरनिराळे. म्हणून भाषा एक असली तरी दुभाषा त्या त्या घरचा लागतो.

लिनक्सवर काम सर्वांत सोपे. उबुंटू किंवा डेबियन असेल तर टर्मिनल उघडून आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' हे हुकूम रोमन लिपीत द्यावेत. जीसीसी हा कंपायलर सोबतच्या सामानासह येतो. मॅकवर 'एक्सकोड-सिलेक्ट', मग एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि 'इन्स्टॉल', एवढे लिहिले की ॲपलची साधने येतात. तेथे 'जी++' म्हणून हाक मारली तरी ओ देतो तो क्लँग!

विंडोजवर जरा खटपट आहे. एमसिस-२ हा संच त्याच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावा आणि त्यातल्या पॅकमनकडून जीसीसी मागवावा. एवढे करूनही विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'जी++' म्हटले तर संगणक ओळख दाखवीत नाही. कारण साधे आहे. कोणत्या फोल्डरांत शोधायचे त्याची एक यादी त्याच्यापाशी असते; तिला पाथ म्हणतात. कंपायलर ज्या 'बिन' फोल्डरात आहे त्याचा पत्ता त्या यादीत घालावा, खिडकी बंद करून पुन्हा उघडावी, की झालं.

तिन्ही घरी परीक्षा एकच: 'जी++', जागा, दोन रेघा, 'व्हर्जन'. आवृत्तीचा आकडा आला की मांडणी ठीक. मग वहीकडे वळावे. 'आयोस्ट्रीम'पुढचे टिंब आणि एच काढावे. खाली 'यूझिंग नेमस्पेस एसटीडी' ही ओळ अर्धविरामासह घालावी. 'व्हॉइड मेन'ऐवजी 'इंट मेन' लिहावे. 'कोनियो' आणि 'सीएलआरएससीआर' गाळावे. बहुतेक लहान प्रोग्रॅम एवढ्यावर चालू लागतात. कॉलेजात परीक्षा मात्र टर्बोवरच असेल तर दोन्ही रीती ठाऊक असलेल्या बऱ्या.

ही मांडणी करायला पैसा पडत नाही. इंटरनेट लागते तेही एकदाच. पुढे पावसाळ्यात जोडणी गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर अभ्यास चालतो. तेव्हा पोर हिरमुसून उठण्यापूर्वी एवढे पाहा, की तिच्या यंत्रावर दुभाषा नीट बसला आहे ना. "जमत नाही" आणि "मांडलेलंच नाही" यांत फार अंतर आहे.