फायटर माशाच्या टाकीतील गोगलगाय : निवड, निगा आणि विक्रेत्याची अमानत

शोभेच्या माशांचा व्यवसाय थोड्या जागेत आणि मर्यादित भांडवलात चालू शकतो. मुंबईत कुर्ला व क्रॉफर्ड मार्केट, चेन्नईत कोळत्तूर, कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीट ही या मालाची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. आपल्या समाजातील अनेक दुकानदार पक्षी, मासे व त्यांचे खाद्य यांचा कारोबार करतात. ज्यांचा हा धंदा नाही असे व्यापारीही दुकानाच्या काउंटरवर हौसेने एखादी काचेची टाकी ठेवतात.

या मालात फायटर मासा भरपूर खपतो. त्याचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडन्स. मूळचा तो थायलंडचा, आणि त्या देशाने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले आहे. हा मासा पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. त्यामुळे तो बाटलीत किंवा छोट्या गोल भांड्यातही काही दिवस तग धरतो, आणि तसाच विकला जातो. पुढे भांड्याची काच हिरवी पडते, पाणी गढूळ होते आणि ग्राहक तक्रार घेऊन येतो. मग विक्रेता त्याच्या हातात एक गोगलगाय ठेवतो आणि सांगतो, "ही टाका, टाकी आपोआप साफ राहील."

हे वाक्य खरे नाही. आठवडाभरात गोगलगाय मरते, पाणी नासते आणि पाठोपाठ मासाही जातो. ग्राहक मात्र तक्रार करायलासुद्धा परत येत नाही. तो दुसरे दुकान धरतो किंवा हा शौकच सोडतो. म्हणून विकणाऱ्याने आणि पाळणाऱ्यानेही काही गोष्टी नीट समजून घेणे जरूरीचे आहे.

गोगलगाय काय करते, काय करीत नाही

गोगलगाय काचेवरचे व दगडावरचे शेवाळ खाते. काही जाती माशाचे उरलेले खाद्य व कुजलेली पानेही खातात. तिचे काम एवढेच. ती पाणी शुद्ध करीत नाही. उलट तीही खाते आणि विष्ठा टाकते, म्हणजे टाकीवरचा भार वाढतो.

माशाच्या व गोगलगायीच्या मलातून अमोनिया तयार होतो. तो दोघांनाही विषारी आहे. फिल्टरच्या स्पंजमध्ये व खडीत राहणारे सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते व पाणी बदलून काढून टाकता येते. हे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये ठेवला तर हे काम लवकर होते. पाणी साफ ठेवणारे खरे कामगार हे जिवाणू आणि दर आठवड्याला पाणी बदलणारा मालक. गोगलगाय फार तर काच पुसणारी मदतनीस आहे.

आधी टाकी, मग गोगलगाय

लहान टाकी म्हणजे किती लहान, हे आधी ठरवले पाहिजे. हिशेब सोपा आहे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. १८ इंच लांब, १० इंच रुंद व १० इंच उंच टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता वीस-बावीस लिटर पाणी राहते. त्यात एक फायटर आणि एक लहान गोगलगाय सुखाने राहू शकतात. दहा लिटरहून कमी पाण्यात फायटर एकटाच अडचणीत असतो. तेथे गोगलगाय विकू नये आणि टाकूही नये. अशा ग्राहकाला मोठी टाकी दाखवणे हेच विक्रेत्याचे काम आहे. त्यात दुकानाचाही तोटा नाही.

टाकीला झाकण हवेच. गोगलगाय रात्री काच चढून बाहेर पडते आणि सकाळी कपाटामागे वाळलेली सापडते. फिल्टर मंद प्रवाहाचा असावा, कारण लांब पंखांच्या फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही. पाणी २४ ते २८ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यातील रात्री थंड असतात. तेथे लहान हीटर लागतो.

कोणती गोगलगाय घ्यावी

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात.

नेराइट : लहान टाकीसाठी हीच पहिली पसंती. अंगाने साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर, शंखावर पट्टे किंवा ठिपके, आणि शेवाळ खाण्यात पटाईत. हिची पिल्ले गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यांना खारे पाणी लागते. त्यामुळे टाकीत हिची पैदास होण्याची भीती नाही. मात्र मादी काचेवर व दगडावर पांढरे, टणक ठिपक्यांसारखे अंडे घालते. ते फुटत नाही आणि सहज निघतही नाही. ग्राहकाला हे आधीच सांगावे. दुसरी गोष्ट, बाजारातील बहुतेक नेराइट किनाऱ्यावरून व खाडीतून पकडून आणलेल्या असतात. लांबच्या प्रवासात त्या उपाशी राहिलेल्या असू शकतात.

मिस्ट्री : दिसायला देखणी, सोनेरी, निळसर, जांभळट रंगांत मिळते. पण ती पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि तितकीच घाणही करते. हिच्या लांब मिशा फायटरला किड्यासारख्या वाटतात व तो त्या तोडतो. ही पाण्याच्या वर, काचेवर किंवा झाकणाला गुलाबी अंड्यांचा घोस लावते. एकटी आणलेली मादीसुद्धा आधीच्या संयोगावर काही महिन्यांनी फळणारी अंडी घालू शकते. मोठ्या टाकीसाठी ठीक, लहान टाकीसाठी नाही.

रॅम्सहॉर्न : चपट्या गुंडाळीची, लाल किंवा तपकिरी. प्रत्येक गोगलगायीत नर व मादी दोन्ही अंगे असतात. खाद्य जास्त पडले की हिची संख्या झपाट्याने वाढते.

ट्रम्पेट : लांबट, टोकदार शंखाची. दिवसा खडीत राहते, रात्री बाहेर येते. ही थेट पिल्ले देते. खडी ढवळण्याचे काम चांगले करते, परंतु आज पाच दिसल्या तर पुढे पन्नास दिसतील.

शेवटच्या दोन जाती बहुधा विकत घ्याव्याही लागत नाहीत. पाणवनस्पतींना चिकटलेल्या अंड्यांतून किंवा पिल्लांतून त्या आपोआप येतात. म्हणून नवी वनस्पती नीट धुऊन, पाने उलटून पाहूनच टाकीत लावावी.

माल पारखून घ्या

कापड घेणारा जाणता ग्राहक थान उलगडून, उजेडात धरून, पोत बघून घेतो. गोगलगायही तशीच पाहून घ्यावी. काचेला घट्ट धरून चालणारी गोगलगाय चांगली. हात लावताच तिने अंग आत ओढले पाहिजे आणि शंखाच्या तोंडावरचे झाकण मिटले पाहिजे. शंखावर तडे, भोके किंवा पांढरे खड्डे नसावेत. झाकण उघडे पडून अंग बाहेर लोंबत असेल तर घेऊ नये. मेलेल्या गोगलगायीला उग्र दुर्गंधी येते. त्यामुळे शंका आली तर वास घेणे हीच साधी कसोटी.

काचेवरून काढताना ती ओढून काढू नये. अंग फाटते. हळूच बाजूला सरकवावी. घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तासाभरात थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत मिसळावे. टाकीत ठेवताना तोंड खाली करून ठेवावी, कारण उलटी पडलेली नेराइट अनेकदा स्वतःहून सरळ होऊ शकत नाही.

फायटरला आधी खाऊ घालावे, दिवा बंद करावा आणि मगच गोगलगाय सोडावी. तासभर लक्ष ठेवावे. एक-दोनदा टोच मारून त्याने नाद सोडला तर हरकत नाही. तो सतत मिशा तोडत असेल तर गोगलगाय वेगळी करावी. प्रत्येक माशाचा स्वभाव निराळा असतो.

पाणी : क्षार, क्लोरीन आणि तांबे

शंख चुन्याचा असतो. पाण्यात कॅल्शियम कमी असेल किंवा पाणी आम्लधर्मी असेल तर शंख झिजतो. साबणाला सहज फेस येतो ते पाणी मऊ, येत नाही ते जड. कपडे धुणारी प्रत्येक गृहिणी आणि प्रत्येक रंगारी हे जाणतो. मुंबईचे तलावांतून येणारे नळाचे पाणी मऊ आहे. पठारावरील बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. मऊ पाण्याच्या टाकीत समुद्रफेणाचा छोटा तुकडा ठेवावा. पिंजऱ्यातील पक्ष्यांना देतात तोच. पाण्याचा सामू सात ते साडेसात राहिला तर मासा व गोगलगाय दोघांनाही चालते. फायटरसाठी बदामाची वाळलेली पाने टाकण्याची रीत आहे. त्यांनी पाणी आम्लाकडे झुकते, म्हणून गोगलगाय असल्यास पाने बेताने वापरावीत.

नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. कापडाच्या ब्लीचिंगनंतर उरलेला क्लोरीन मारण्यासाठी प्रोसेसवाले जो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरतात, तोच पदार्थ माशांच्या दुकानात क्लोरीननाशक म्हणून मिळतो. बाटलीवर लिहिलेले प्रमाण पाळावे.

सर्वांत मोठा धोका तांब्याचा. मोरचूद गोगलगायी मारण्यासाठी वापरतात, आणि माशांच्या कित्येक औषधांत तांब्याचेच क्षार असतात. माशाला औषध द्यायचे असेल तर माशालाच वेगळ्या भांड्यात घेऊन द्यावे. टाकीत औषध ओतले तर तांब्याचा अंश खडीत मागे राहू शकतो. औषध विकताना "टाकीत गोगलगाय आहे का?" एवढा प्रश्न विक्रेत्याने विचारला तरी एक जीव वाचतो.

खाणे व रोजची निगा

गोगलगाय टाकीत जास्त करून मरते ती भुकेने. काच चकचकीत झाली म्हणजे तिचे ताट रिकामे झाले. आठवड्यातून दोन-तीन वेळा उकडलेली काकडी, दुधी किंवा पालक यांचा लहान तुकडा किंवा शेवाळाची वडी द्यावी व उरलेले दुसऱ्या सकाळी काढून टाकावे. नेराइट अनेकदा भाजीला तोंड लावत नाही. तिच्यासाठी काही गोटे पाण्याच्या बरणीत घालून उन्हात ठेवावेत. त्यांवर शेवाळ धरले की आळीपाळीने टाकीत ठेवावेत. खर्च काहीच नाही.

दर आठवड्याला टाकीचे चौथा हिस्सा पाणी बदलावे. संपूर्ण टाकी उपसून, खडी साबणाने धुण्याची पद्धत घातक आहे, कारण त्यात उपयोगी जिवाणूच नाहीसे होतात. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. गोगलगाय एक दिवस हलली नाही म्हणून ती मेली असे समजू नये. पण दुर्गंधी आली तर तत्काळ काढावी, नाहीतर लहान टाकीतले पाणी काही तासांत विषारी होते.

ओढ्यातली टाकीत नको, टाकीतली ओढ्यात नको

फुकट मिळते म्हणून ओढ्या-तळ्यातील गोगलगाय आणू नये. तिच्यातून परोपजीवी कृमी येऊ शकतात. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याच्या ज्या कृमिरोगाचा शोध १९५२ साली लागला, तो पाण्यातील एका अगदी लहान गोगलगायीमार्फतच पसरत होता. टाकीत हात घातल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांनाही लावावी.

उलट, नको झालेली गोगलगाय नाल्यात किंवा विहिरीत सोडू नये. मिस्ट्रीच्याच कुळातील एक जात १९८० च्या सुमारास खाण्यासाठी दक्षिण अमेरिकेतून तैवानात नेण्यात आली. धंदा बसला, गोगलगायी सुटल्या आणि तैवान, फिलिपिन्स, व्हिएतनामची भातशेती त्यांनी उद्ध्वस्त केली. युरोपीय संघाने २०१२ साली या संपूर्ण कुळाच्या आयातीवर व प्रसारावर बंदी घातली. काही व्यापाऱ्यांच्या बेपर्वाईची किंमत लाखो शेतकऱ्यांनी मोजली. म्हणून विक्रेत्याने ग्राहकाला सांगावे की, नको असेल तर परत आणून द्या.

जीव विकणाऱ्याची अमानत

इस्लामने प्राणी पाळण्यास मनाई केलेली नाही. ह. अनस (रजि.) यांचे धाकटे बंधू अबू उमैर यांच्याजवळ एक लहान पक्षी होता आणि प्रेषित (स.) त्या पक्ष्याविषयी त्या बालकाची प्रेमाने विचारपूस करीत, असे हदीसमध्ये आहे. त्यावरून विद्वानांनी, योग्य देखभाल केल्यास पक्षी पाळणे जायज ठरवले. पण मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे. प्राण्यांची आपसात झुंज लावण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. म्हणून दोन नर फायटर समोरासमोर आणून ग्राहकाला तमाशा दाखवणे, हे माल खपवण्याचे साधन होऊ शकत नाही.

आणि धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल उघड करणारी प्रेषितांची (स.) शिकवण तर प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. कच्च्या रंगाचे कापड पक्क्या रंगाचे म्हणून विकणे जशी फसवणूक, तशीच "गोगलगाय पाणी साफ करते" म्हणून सांगणे हीसुद्धा फसवणूकच आहे. फरक इतकाच की कापडाचा रंग गेला तर फक्त पैसे बुडतात, येथे एक मुका जीव जातो.

नेराइटचा नफा तो किती? तो वर्षभर खाद्य, क्लोरीननाशक व वनस्पती घेण्यासाठी भरवशाने परत येणाऱ्या ग्राहकात आहे. जो दुकानदार "तुमची टाकी अजून तयार नाही, महिन्याने या" असे सांगू शकतो, त्याच्या गल्ल्यात त्या दिवशी चार पैसे कमी पडतील. बरकत मात्र त्याच्याच दुकानात राहील, इन्शाअल्लाह.